सिमेंटच्या लोंब्या

“पोट्टीले त्या टाकीखाली नको खेळवू, बाई. वरच्या लोंब्या पाह्यल्या काय तू? पडतीन एक दिवस,” असं गोदावरीबाईंनी सांगितलं होतं, आणि साक्षीनं नुसतं ‘हो काकू’ म्हणून दोरीवरचा पिंकीचा फ्रॉक ओढून काढला होता, चिमटा तुटून नालीत जाईल इतक्या जोरात. आत येऊन तिनं दार लावून घेतलं होतं. सल्ला काय आहे यापेक्षा तो कोणाच्या तोंडून आला हे तिच्या मनात आधी यायचं, आणि गोदावरीबाईंच्या तोंडून टाकीबद्दल बरं काही निघेल अशी तिची अपेक्षाच नव्हती. गोदावरीबाई म्हणजे समोरच्या घरातल्या, नवरा दत्तोपंत गेल्यापासून एकट्या राहिलेल्या. त्यांच्या अंगणात एक विहीर होती, आता फरशी टाकून बंद केलेली, वर तुळशीच्या दोन कुंड्या. लग्न होऊन साक्षी नागपूरहून रायपूरच्या या गल्लीत आली, तेव्हा सासऱ्यांनी तिला शहरातलं पहिलं काही दाखवलं असेल तर ती फरशी. धर्मपाल त्यांचं नाव, रेल्वेतून निवृत्त झालेले. नागपूरकडच्या पद्धतीनं ती सासऱ्यांना मामाजी म्हणायची. मामाजींची आई घागर घेऊन त्या विहिरीपासून लांब उभी राहायची. कोणाला दया आली, वेळ झाला, तर वरून ओतलं जायचं. नाही आली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत उभी. मग गल्लीच्या तोंडाशी सरकारी टाकी उभी राहिली, टाकीच्या पायाशी नळ बसला, आणि म्हातारीनं पहिल्या दिवशी घागर स्वतःच्या हातानं नळाखाली ठेवली, भरून वाहिली तरी उचलली नाही, वाहू दिली. ही गोष्ट सांगताना मामाजी दर वेळी ‘वाहू दिली’ हे दोनदा म्हणायचे. त्यामुळे समोरच्या घरातून टाकीविषयी वाईट शब्द आला की साक्षीला वाटायचं, अजून झोंबतंय यांना. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली ती, नागपूरच्या इंदोऱ्यात मास्तराच्या घरात वाढलेली, कोणी सांगितलं म्हणून खरं मानायचं नाही हे बाळकडू प्यालेली. पण त्या दिवशी तपासायला फारसं काही लागत नव्हतं. अंगणात यायचं आणि मान वर करायची. तेवढं तिनं केलं नाही.

तशी ती टाकी न बघता राहणंही कठीणच होतं. पूर्वी राखाडी होती म्हणे, खांबांवर उभं केलेलं एक थोराड पातेलं, शेवाळानं काळवंडलेलं. मग राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि कोणत्यातरी कचेरीत कोणाच्यातरी लक्षात आलं की या मुलखाला धानाचा कटोरा म्हणतात आणि ही टाकी दिसायला कटोऱ्यासारखीच आहे. परांच्या बांधल्या. पातेल्याच्या काठाला नक्षी चढली, आणि काठावरून खाली, चहू अंगांनी, सिमेंटच्या धानाच्या लोंब्या लटकल्या, एकेक माणसाएवढी, सोनेरी रंगाच्या, दाणा न् दाणा वेगळा. या बाजूला दाराला धानाच्या लोंब्यांची झालर टांगतात, चिमण्यांनी टिपावी म्हणून; तीच ही झालर, फक्त राक्षसाच्या दाराची. सुरुवातीला चिमण्या फसल्या. सिमेंटवर चोच मारून मारून मग त्यांनी दाण्यांच्या बेचक्यांत घरटी केली. संध्याकाळी खालून दिवे लागले की सगळा कटोरा पेटल्यासारखा दिसायचा, आणि आत तर पाणी, अख्ख्या पाऱ्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, स्वैपाकाचं, आंघोळीचं, पिण्याचं. रिक्षावाले आता गल्लीचं नाव विचारत नसत, ‘कटोरा टंकी’ म्हटलं की पुरे. मिठाईच्या डब्यांवर टाकी, कॅलेंडरवर टाकी. साक्षीची नागपूरची मावशी आली तर देवळं सोडून आधी टाकीखाली उभी राहिली फोटोला. साक्षीनंच काढला. पिंकीला मावशीच्या कडेवर देऊन, दोन पावलं मागे सरकून, लोंबी पुरी यावी म्हणून अजून एक पाऊल मागे. तो फोटो आता ती बघत नाही.

टाकीचं पाणी कधीमधी वरून सांडायचं, त्यामुळे खालची माती ऐन वैशाखातही ओली असायची. म्हणून कमरछठीच्या उपासाला पाऱ्यातल्या बाया सगरी तिथंच खणत, लेकरांच्या आयुष्यासाठी खणायचं ते हातभर तळं. काठाला काशी गवत खोचायचं, तळ्यात पाणी ओतायचं, पूजा झाली की हळदीच्या पाण्यात भिजवलेली चिंधी आपापल्या लेकरांच्या पाठीवर थापायची. गोदावरीबाई मराठी, पण इथं इतकी वर्षं काढून त्यांनीही हा उपास धरला होता. मुलगा कुठं लांब, कधी न येणारा, त्याच्या नावानं. साक्षीनं पिंकीला बजावून ठेवलं होतं की आपल्यात हे नाही, बघायचं आणि परत यायचं. ती खिडकीतून लक्ष ठेवून होती. पिंकी सगरीच्या काठाशी उकिडवी बसली होती, पळसाचं पान पाण्यात सोडत होती, पुन्हा काढत होती, पुन्हा सोडत होती. आणि मग पलीकडून गोदावरीबाईंचा आवाज: “ए पिंके! इकडं ये, पाठ दे!” आणि पिंकी, जिला मराठी सगळं कळतं पण जी उत्तर हिंदीतच देते, “मेरे को भी? मेरे को भी लगाओ, दादी!” म्हणत धावली. फट् फट् फट्. पांढऱ्या फ्रॉकच्या पाठीवर पिवळा ओला ठसा.  साक्षीला विचारलं नाही, सांगितलं नाही, सरळ लेकराच्या पाठीवर! म्हणजे आमचं नाही म्हणणं यांच्या लेखी काहीच नाही, कधीच नव्हतं. ती अनवाणीच बाहेर पडली, वाक्य तोंडात तयार होतं, ते तिनं कित्येक महिने घासून ठेवलं होतं असं तिला वाटलं. “काकू, एक गोष्ट मी आज तुम्हाला—” एवढं बोलली आणि आवाज झाला. मोठा नाही. परातीतल्या कणकेवर मूठ पडावी तेवढाच. बायांच्या मागे सगरी नव्हती. तिच्या जागी लोंबी चिखलात उभी रुतलेली, टोक खाली, आणि चिमणीच्या घरट्याचं गवत वरून हलके हलके येत होतं. पळसाचं पान कुठं दिसत नव्हतं. सगळ्यांत आधी पिंकीच बोलली, अगदी कौतुकानं: “मम्मी, टंकी का झुमका गिर गया.”

साक्षीचं वाक्य तसंच राहिलं. गोदावरीबाईंच्या हातात पिवळी चिंधी होती, आणि त्या साक्षीकडं बघत नव्हत्या, वर बघत होत्या. ‘मी सांगितलं होतं’ असं त्या म्हणाल्या असत्या तर सोपं झालं असतं. त्या म्हणाल्या नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. हेच साक्षीला सहन होईना. बाया ‘छठी मैया ने बचा लिया’ म्हणून पिंकीच्या पाया पडायला लागल्या, कोणी तिच्या हातात लाई दिली, कोणी नारळ. मामाजी धावत आले ते हातातल्या काठीसकट. “कोण्या माई-बीईनं नाही वाचवलं,” ते ओरडले, आणि काठी हलवत पिंकीला बायांमधून बाहेर घेऊन आले. रात्रीच्या जेवणाला गौतमनं, साक्षीच्या नवऱ्यानं, ताट ओढत म्हटलं, “मैं ऑफिस में बात करता हूँ. ओळख आहे आपली.” तो मंत्रालयात बाबू होता, त्याच्या सगळ्या ओळखी दुसऱ्या कोणत्यातरी मजल्यावर असत. मामाजी भात कालवत म्हणाले, “टाकी नाही पडली. वरचं सोंग पडलं. टाकीले बोल नका लावू.” पुढं माणसं आली खरी. पडलेला तुकडा हातगाडीवर घालून घेऊन गेली. मग एक रंगारी दोरावरून लोंबकळत आला आणि त्यानं तुटक्या देठाला, बाहेर आलेल्या गंजक्या सळयांनाही, सोनेरी रंग दिला. खालून बघितलं तर काही तुटलंय असं वाटत नसे. गौतमनं कॅलेंडर शेजारी धरून बघितलं आणि म्हणाला, “पता भी नहीं चलता.” तो हे समाधानानं म्हणाला.

तेव्हापासून साक्षीनं त्या टाकीशी वैर धरलं. दुसरा शब्द नाही. सकाळी पंप सुरू झाला की भिंतीतून येणारी घुरघुर तिला जाग आणायची. भरते आहे, जड होते आहे. मग नळ वाजायचा, आणि तेच पाणी तिच्या हंड्यात, कुकरमध्ये, पिंकीच्या बाटलीत. ती ते उकळायची, खूप वेळ उकळायची, उकळून उकळून त्यातलं काहीतरी मरावं म्हणून. ओटा आवरताना खिडकीत टाकी, केस विंचरताना आरशात टाकी. तिनं खिडकीला जुनी चादर लावली, तर संध्याकाळी दिव्यांचा सोनेरी उजेड चादरीतून झिरपून पिंकीच्या उशीवर पडायचा. लोक यायचे, बीरगावहून कारखान्याच्या सुट्टीला सायकलवर डबलसीट येणारे, बिलासपूर-भिलाईचे, गाडीतून उतरून मान वर करणारे. “क्या चीज़ बनाई है!” त्यांच्या वर झालेल्या गळ्यांकडं ती चादरीच्या फटीतून बघायची, आणि एकदा, एका बाईनं कडेवरचं मूल अगदी त्या सोनेरी देठाखाली उभं केलं तेव्हा, साक्षीच्या मनात आलं की पडू दे. पडू दे आता, म्हणजे सगळ्यांना कळेल. ते मनात आलं आणि ती मोरीत जाऊन खूप वेळ पाय धूत बसली. पिंकीला तिनं बाहेर सोडणं बंद केलं. पिंकी दाराच्या उंबऱ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “मैं बंद हूँ.” तो फ्रॉक तिनं सोड्यात घातला, उन्हात घातला, निळीत घातला. पिवळा ठसा फिका झाला, गेला नाही. टाकून द्यावा तर हात होईना, घालावा तर अंगावर काटा. जिच्यावर विश्वास नाही अशा चिंधीनं आणि जिच्याशी बोलावंसं वाटत नाही अशा बाईनं तिचं लेकरू चार पावलं इकडं ओढून घेतलं होतं, आणि जिनं या घराला ताठ उभं केलं त्या टाकीनंच ते मारायला घेतलं होतं. हे तिला कुठल्याही बाजूनं उलगडून सुलटं करता येत नव्हतं. गोदावरीबाई समोर दिसल्या की ती मान खाली घालायची, आणि ती मान कृतज्ञतेनं खाली जात नाही हे तिला नीट ठाऊक होतं.

आणि याच दिवसांत मामाजी बिघडले. आधी ते रोज संध्याकाळी नळाजवळच्या कट्ट्यावर गल्लीतल्या शामरावांबरोबर बसत, एक पेला नळाचं पाणी पीत, जगाच्या गोष्टी करत. आता त्यांनी घरातली लोखंडी खुर्ची नेली आणि टाकीखाली ठेवली, जिथं सगरी होती तिथंच, चिखल दाबून. सकाळी जायचे, जेवायला यायचे, पुन्हा जायचे. आणि ज्या माणसानं जन्मात कोणाला अरे म्हटलं नव्हतं तो शिव्या द्यायला लागला. पोरं चेंडू घेऊन आली की काठी आपटायची: “भागो यहाँ से! टंगड़ी तोड़ दूँगा एक-एक की!” फोटोवाल्यांना हाकलायचं. एका नव्या जोडप्याला त्यांनी असं काही म्हटलं की तो पोरगा हमरीतुमरीवर आला. “इसके बाप की टंकी है क्या?” “हव! मोर बाप की है!” मामाजींनी छत्तीसगढीत उत्तर दिलं आणि सगळी गल्ली हसली. शामराव घरी येऊन गौतमला म्हणाले, वय झालं, डोक्यावर परिणाम होतो कधी कधी, दाखवून आण. साक्षीला लाज वाटायची, आणि लाजेपेक्षा राग. एवढं प्रेम त्या सिमेंटवर की पिंकीवर पडता पडता राहिलं तरी तिथंच जाऊन बसायचं, जणू समजूत काढायला. एका संध्याकाळी ती चहाचा कप घेऊन गेली. टाकीच्या खाली पहिल्यांदाच गेली त्यानंतर. मान आपोआप खांद्यांत गेली.

“मामाजी, इथंच काहून बसता तुम्ही?”

“हवा येते.”

“हवा कट्ट्यावर नाही येत?”

“कट्ट्यावर म्हातारे बसतात.”

“मस्करी नका करू. ह्यांना सांगून पुन्हा लिहून देऊ आपण. वरपर्यंत.”

“नको.” त्यांनी कप घेतला. “लिहून देशीन, मग ते येतीन. लोंब्या काढणार नाहीत, टाकी पाडतीन. जुनी झाली म्हणतीन. ही जागा पाह्यली का तू? राजधानीतली चौकाची जागा हाय ही. इथं मग दुकानं होतीन, वर काच. अन पाणी? टँकर येईन. अन टँकरपाशी कोण पुढं अन कोण मागं, ते कोण ठरवीन?” ते समोरच्या घराकडं बघत होते, त्या फरशीकडं. “तू नाही पाह्यलं ते. मी पाह्यलं.”

“अन उद्या तुमच्यावर पडली तर?”

त्यांनी तिच्याकडं असं पाहिलं की हा प्रश्न तिनं विचारायला नको होता. “पोट्ट्यायवर पडण्यापेक्षा बरी,” ते म्हणाले. आणि लगेच, जास्त बोललो असं वाटून, चहावर फुंकर मारली, आणि नळाजवळून वाकून बघणाऱ्या एका पोरीवर ओरडले, “ए! पलीकडून जा! इधर से नहीं!” पोरगी पळाली.  आता साक्षीला खुर्चीचे पाय दिसले, बरोबर तुटक्या देठाखाली चिखलात रुतलेले, आणि दोन्ही बाजूंना, जिथवर लोंब्यांची सावली पडत होती तिथवर, काठीनं ओढलेली रेघ दिसली. रेघ रोज नवी केली जात असावी, कारण कडा ओल्या होत्या. तिला वाटलं खाली बसावं. त्याहून जास्त वाटलं की ती खुर्ची उचलून फेकावी, हा म्हातारा, ही टाकी, हे शहर, सगळं. तिनं रिकामा कप घेतला आणि ती घरी आली. कोणाला काही बोलली नाही. बोलावं कोणाला? गौतमला सांगितलं असतं तर त्यानं अर्ज केला असता, आणि मामाजींनी तिचं तोंड पाहिलं नसतं. नाही सांगितलं तर ती रोज एका माणसाला तिथं बसू देत होती. पिंकीला मात्र तिनं दुसऱ्या दिवशी बाहेर सोडलं. रेघेच्या अलीकडं.

मग तिच्या लक्षात आलं की गोदावरीबाईंनाही ठाऊक आहे. रोज दिवे लागायच्या आधी त्या स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन रेघ ओलांडून आत जायच्या आणि मामाजींचा पेला रिकामा होईपर्यंत तिथंच उभ्या राहायच्या. भांडण चालूच असायचं.

“उठा ना आता. किती दिवस बसान?”

“तुमच्या विहिरीत नाही बसलो ना.”

“मरा मग तिथंच. मले काय करायचं हाय!”

“साखर कमी हाय.”

“साखर तुमच्या टाकीतून येते काय?” असं म्हणून म्हातारी दुसऱ्या दिवशी दोन चमचे जास्त घालून आणायची. साक्षी चादरीच्या फटीतून हे बघायची. ज्या घराच्या विहिरीवर मामाजींची आई ऊन डोक्यावर घेऊन उभी राहायची, त्याच घरची बाई आता पेला घेऊन त्यांच्यासमोर उभी होती, लोंब्यांखाली, उपाशी चिमण्यांच्या कलकलाटात. हे बघून बरं वाटायला हवं होतं. साक्षीला फक्त भीती वाटायची की आता दोघं आहेत.

गौतमची बदली अंबिकापूरला झाली. मामाजी आले नाहीत. “माही ड्युटी हाय,” म्हणाले, रेल्वेत असताना म्हणायचे तसं. निघताना साक्षीनं त्यांच्या पायांना हात लावला तेव्हा हाताला चिखल लागला. अंबिकापूरला थंडी, डोंगर, हापशी, आणि खिडकीत काहीच नाही. तिथं तिला वाटलं होतं की झोप येईल. गोदावरीबाईंकडं फोन होता. साक्षी ठरवून, नाइलाजानं, दर रविवारी लावायची. “हाय तुहा सासरा,” पलीकडून आवाज. “बसला हाय तिथंच. आज कोण्या साहेबाच्या बायकोले हाकललं. पोलीस आला होता, त्यालेबी रेघेच्या बाहेर उभा केला.” त्या बोलायच्या तेव्हा मागून चिमण्या ऐकू यायच्या. आणि आता फोन वाजतो, नुसता वाजतो, उचलत कोणी नाही. शामरावांकडं फोन नाही. गौतम म्हणतो, “लाइन खराब असेल. बाबा को कुछ नहीं होता.” मार्चशिवाय त्याला सुट्टी नाही. साक्षीला दुसऱ्यांदा दिवस गेलेत, डॉक्टरीणबाईंनी एवढ्या लांबच्या बसला साफ नाही म्हटलंय. वर्तमानपत्र इथं उशिरा येतं. ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवत वाचते, टाकीचा फोटो आला की बोट तिथंच थांबतं, आणि तो फोटो कुठल्यातरी महोत्सवाच्या जाहिरातीचा असतो. पिंकी विचारते, “आबा अभी भी गाली देते होंगे?” आणि साक्षीला पहिल्यांदाच वाटतं की देवावर विश्वास असता तर कोणाला तरी हे विचारता आलं असतं.

म्हणून ती विचारते आहे. भेटेल त्याला विचारते, दूधवाल्याला, शेजारच्या मास्तरीणबाईंना, रायपूरच्या बसमध्ये चढणाऱ्या अनोळखी माणसांना, आणि आता तुम्हाला. तुम्ही त्या बाजूला जाणारच असाल, राजधानी बघायला सगळेच जातात, आणि टाकी कोणी चुकवत नाही. तर एवढं करा. गल्लीच्या तोंडाशी पोचलात की आधी वर बघू नका. खाली बघा. लोखंडी खुर्ची आहे का, तिच्यावर पांढऱ्या शर्टातला म्हातारा आहे का, मातीत रेघ आहे का आणि ती ओली आहे का. खुर्ची रिकामी असेल तर समोरच्या घराची कडी वाजवा, दोन तुळशीच्या कुंड्या आहेत, चुकणार नाही, आणि दार उघडेपर्यंत वाजवा. म्हातारा बसलेला असेल तर मुद्दाम रेघेवर पाय ठेवा. तो अंगावर येईल, काठी उगारेल, आईबापांवरून बोलेल. वाईट वाटून घेऊ नका. तिथंच थांबा, शिवी पूर्ण होऊ द्या, आणि मग कुठूनही एक फोन करून साक्षीला फक्त एवढंच सांगा की त्यांनी दिली.